स्वमग्न प्रौढांचे परकीय भाषाशिक्षण : एक आढावा

परकीय भाषा शिकू पाहणाऱ्या स्वमग्न प्रौढांविषयी दोन परस्परविरोधी समजुती समाजात एकाच वेळी नांदताना दिसतात. ज्यांना स्वतःच्या भाषेत संवाद साधणेच कठीण जाते त्यांनी दुसऱ्या भाषेच्या वाटेला जाऊ नये, ही पहिली. आणि स्वमग्न व्यक्तीला अचाट स्मरणशक्ती लाभलेली असते, त्यामुळे ती अनेक भाषा लीलया आत्मसात करते, ही दुसरी. पहिली समजूत दवाखाने, शाळा आणि काळजीत पडलेली कुटुंबे यांच्यामार्फत पसरली, तर दुसरीला माहितीपटांनी आणि आत्मचरित्रांनी बळ दिले. दोन्ही समजुतींत प्रत्यक्ष शिकणारा प्रौढ माणूस, म्हणजे पुस्तक घेऊन बसणारा, वर्गात नाव घालणारा, काही कौशल्यांत पुढे जाणारा आणि काहींत अडणारा विद्यार्थी, मात्र कोठेच दिसत नाही.

गेल्या तीन दशकांत मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि भाषाशिक्षणशास्त्र या तिन्ही शाखांत या विषयावर जे काम झाले, ते एकत्र मांडून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. भाषा येणे आणि त्या भाषेत अनोळखी माणसांशी सफाईने वावरणे या दोन वेगळ्या गोष्टी असून आजचे भाषावर्ग आणि भाषापरीक्षा त्यांना बहुधा एकच मानतात. स्वमग्न प्रौढांच्या वाट्याला येणाऱ्या अपयशाचा मोठा भाग भाषेच्या आकलनातून येत नसून या सरमिसळीतून येतो, असे प्रस्तुत आढाव्याचे प्रतिपादन आहे.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

स्वमग्नता किंवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित, जन्मापासून असणारी आणि आयुष्यभर टिकणारी अवस्था आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार तिची दोन मुख्य लक्षणे मानली जातात : सामाजिक संवाद व देवाणघेवाण यांतील सातत्यपूर्ण वेगळेपण, आणि वर्तनातील पुनरावृत्ती, ठरावीक विषयांची तीव्र ओढ व संवेदनांविषयीची कमी-अधिक तीव्रता. याच पुस्तिकेने पूर्वी स्वतंत्र मानले जाणारे ॲस्पर्जर सिंड्रोम हे निदान रद्द करून सर्व छटा एकाच वर्णपटात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, आणल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. या वर्णपटात विद्यापीठात शिकवणारे लोक आहेत, तसेच अगदी थोडे शब्द बोलणारे किंवा मुळीच न बोलणारे लोकही आहेत. त्यामुळे ‘स्वमग्न विद्यार्थी’ असा एकच नमुना कल्पून केलेले कोणतेही विधान अपुरे ठरते.

भाषेचा प्रश्न या निदानाच्या जन्मापासूनच त्याच्याशी जोडलेला आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ मुलांचे वर्णन केले त्यांपैकी ८ बोलत होती आणि ३ बोलत नव्हती. बोलणाऱ्या मुलांत ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा उच्चारणे, म्हणजे एकोलालिया, आणि स्वतःचा उल्लेख ‘तू’ असा करणे ही वैशिष्ट्ये त्यांनी नोंदवली. पुढील कित्येक दशके अशा भाषिक वैशिष्ट्यांकडे दोष म्हणूनच पाहिले गेले. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही पुनरुक्ती निरर्थक नसून मागणी करणे, होकार देणे, स्वतःला सावरणे अशी कामे ती करते, असे दाखवून दिले. आख्खे वाक्य आधी उचलायचे आणि त्याची फोड नंतर करायची, ही शिकण्याची एक रीत असू शकते, हा विचार तेथून रुजला.

मात्र हे सारे संशोधन मुलांविषयी होते. द्विभाषिकतेचा अभ्यास सुरू झाला तेव्हाही दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्या स्वमग्न मुलाला त्याने अपाय होतो का, एवढाच प्रश्न विचारला गेला. कॅनडातील हॅम्बली आणि फोम्बोन यांच्या २०१२ च्या अभ्यासासह अनेक अभ्यासांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे; दोन भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांचा भाषाविकास एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांहून मागे पडत नाही. परंतु ही मुले मोठी झाल्यावर स्वेच्छेने जर्मन, जपानी किंवा फ्रेंच शिकू लागली तर काय घडते, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नाही. ज्यांचे निदानच पंचविशीनंतर झाले अशा प्रौढांची संख्या वाढू लागल्यावर मग तो टाळणे अशक्य झाले.

असामान्य उदाहरणे आणि त्यांची मर्यादा

स्वमग्नता आणि परकीय भाषा यांविषयीचा सर्वांत सखोल अभ्यास एकाच व्यक्तीचा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील भाषाशास्त्रज्ञ नील स्मिथ आणि त्यांच्या सहकारी इआंथी-मारिया त्सिम्पली यांनी १९९५ मध्ये ‘द माइंड ऑफ अ सॅव्हंट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. एखाद्या मर्यादित क्षेत्रात असामान्य आणि इतर क्षेत्रांत अतिशय मर्यादित क्षमता असणाऱ्या व्यक्तीला ‘सॅव्हंट’ म्हणतात. पुस्तकाचा नायक ख्रिस्तोफर हा असाच होता. दैनंदिन व्यवहारांत त्याला इतरांचा आधार लागत असे, परंतु १५ ते २० भाषांत तो कमी-अधिक प्रमाणात वाचू, समजू आणि भाषांतर करू शकत असे. संशोधकांनी त्याला बर्बर भाषा शिकवली, आणि ‘एपुन’ नावाची एक भाषा मुद्दाम रचून तीही शिकवली. मानवी भाषांत कोठेही आढळत नाहीत असे काही नियम एपुनमध्ये पेरलेले होते. वाक्यातील शब्द मोजून तिसऱ्या शब्दाला प्रत्यय लावणे हा त्यांपैकी एक. नैसर्गिक वळणाचे नियम ख्रिस्तोफरने भराभर आत्मसात केले, पण शब्द मोजण्याचा नियम त्याला उमगला नाही. पुढे त्याला ब्रिटिश सांकेतिक भाषाही शिकवण्यात आली, आणि तिचा वृत्तान्त २०११ च्या दुसऱ्या पुस्तकात आला.

ख्रिस्तोफरचे यश नेमके कोठे होते हे पाहणे उद्बोधक आहे. शब्दसंग्रह आणि रूपविचार, म्हणजे प्रत्यय, विभक्ती, क्रियापदांची रूपे, यांत तो अव्वल होता. वाक्यरचनेत मात्र परकीय भाषेतही तो बऱ्याचदा इंग्रजीच्याच वळणावर जाई, आणि वाक्यांमधून परिच्छेदाचा आशय जुळवण्यात अडखळे. भाषेची अंगे एकमेकांपासून स्वतंत्रपणे विकसित होऊ शकतात, हा या अभ्यासाचा चिरस्थायी धडा होय.

दुसरे विख्यात नाव डॅनियल टॅमेट या ब्रिटिश लेखकाचे. २००४ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्याने पायचे २२,५१४ अंक तोंडपाठ म्हणून दाखवले आणि २००५ च्या माहितीपटासाठी एका आठवड्यात आइसलँडिक भाषा शिकून आइसलँडच्या दूरचित्रवाणीवर मुलाखत दिली. त्याची कामगिरी खरीच आहे. परंतु तिच्यावरून सर्व स्वमग्न प्रौढांविषयी अपेक्षा बांधणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरते. ज्याला जर्मनची पहिली पातळी गाठण्यासाठी दोन वर्षे लागतात त्याचे शिकणे या झगमगाटात अदृश्य होते, आणि ज्याला यश येते त्याच्या कष्टांचे श्रेय ‘देणगी’कडे जाते.

प्रौढ स्वतः काय सांगतात

असामान्यांकडून सामान्यांकडे वळण्याचे काम अलीकडच्या अभ्यासांनी केले. एडिंबरा विद्यापीठातील बेरेंजेर दिगार, आंतोनेल्ला सोराचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये २९७ स्वमग्न प्रौढांच्या भाषिक आयुष्याची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी दोनशेहून अधिक जणांना एकापेक्षा जास्त भाषा येत होत्या, आणि ज्यांना अधिक भाषा येत त्यांनी आपले सामाजिक जीवन तुलनेने अधिक समाधानकारक असल्याचे सांगितले. प्रश्नावली स्वेच्छेने भरलेली असल्याने भाषांची गोडी असणाऱ्यांनीच तिला अधिक प्रतिसाद दिला असणे शक्य आहे. तरीही स्वमग्नता आणि बहुभाषिकता एकत्र नांदू शकत नाहीत हे गृहीतक या पाहणीपुढे टिकत नाही.

बोस्टन विद्यापीठातील कॅथरीन कॅल्डवेल-हॅरिस यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न प्रौढांनी आपल्या भाषाशिक्षणाविषयी स्वतःच्या शब्दांत केलेली निवेदने तपासली आहेत. त्यांतून उमटणारे चित्र असे की अनेकांना भाषांचे, विशेषतः व्याकरणाचे, लिपींचे आणि व्युत्पत्तीचे, उत्कट वेड असते आणि वाचन-लेखनात ते चांगली प्रगती करतात, पण ऐकणे व बोलणे यांपाशी येऊन थांबतात. काहींना मात्र भाषेचा विषय मुळातच नकोसा वाटतो. वेगवेगळ्या कौशल्यांतील ही मोठी तफावत या क्षेत्रातील सर्वांत सुसंगत निरीक्षण मानता येईल.

या तफावतीची कारणे अनेक पातळ्यांवर शोधली गेली आहेत. प्रौढ वयात परकीय भाषा शिकताना पहिला भार जाणीवपूर्वक पाठ केलेल्या माहितीवर, म्हणजे घोषित स्मृतीवर, पडतो. मायकेल उलमन यांच्या मांडणीनुसार ही स्मृती स्वमग्न व्यक्तींत सहसा शाबूत असते आणि इतर उणिवा भरून काढण्यासाठीही वापरली जाते. नियमांच्या कोष्टकांत आणि अपवादांच्या याद्यांत रमणाऱ्या मनाला जर्मनच्या चार विभक्ती किंवा जपानी शासनाने नित्य वापरासाठी निश्चित केलेल्या २,१३६ कांजी चिन्हांचा संच हा अडथळा वाटण्याऐवजी आमंत्रण वाटू शकतो. दिना मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेली ‘मोनोट्रोपिझम’ची कल्पना, म्हणजे एका वेळी थोड्याच विषयांवर पण अत्यंत खोलवर लक्ष एकवटण्याची वृत्ती, या ओढीचे चांगले स्पष्टीकरण देते. लिखित अक्षरांची लवकर व तीव्र ओढ, म्हणजे हायपरलेक्सिया, हीदेखील स्वमग्न लोकांत इतरांपेक्षा पुष्कळच अधिक आढळते, आणि त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत छापील मजकूर हेच भाषेचे प्रवेशद्वार असते.

ऐकण्याच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. काही स्वमग्न व्यक्तींना स्वरांची उंची ओळखण्याचे कौशल्य असाधारण असते; ब्रिटनमधील २००९ च्या एका अभ्यासात सुमारे २० टक्के स्वमग्न किशोरांत ते आढळले. यावरून स्वरांच्या चढ-उतारावर अर्थ ठरणाऱ्या चिनीसारख्या भाषा त्यांना सोप्या जातील असे वाटू शकते, परंतु चिनी मातृभाषा असणाऱ्या स्वमग्न मुलांवरील २०१५ च्या अभ्यासात शुद्ध स्वरांचे भान तीव्र असूनही शब्दांतील स्वरभेद ओळखण्यात ती मागे पडल्याचे दिसले. ध्वनी बारकाईने ऐकू येणे आणि त्यांतून भाषिक भेद वेचणे ही दोन निराळी कामे आहेत. त्यातच गोंगाटात बोलणे समजून घेणे अनेक स्वमग्न प्रौढांना जड जाते. पंखा, रस्त्यावरची रहदारी आणि एकाच वेळी बोलणाऱ्या दहा जोड्या अशा वर्गात परकीय भाषेचे अनोळखी ध्वनी वेगळे काढणे त्यांच्यासाठी किती थकवणारे असेल, याचा विचार शिक्षकाने करायला हवा.

बोलण्यात वेळेचा ताण भर घालतो. समोरच्याचे वाक्य उलगडणे, शब्द आठवणे, रूप जुळवणे, नजर आणि हावभाव सांभाळणे आणि आपली पाळी ओळखणे ही कामे क्षणार्धात करावी लागतात. चिंता त्यात आणखी अडसर घालते. स्वमग्न प्रौढांच्या अनेक अभ्यासांचा २०१९ मध्ये झालेला एकत्रित आढावा सांगतो की त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्के लोक चिंताविकाराने त्रस्त असतात आणि सुमारे ४२ टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो झालेला असतो. भाषावर्गातील चिंता हा स्वतंत्र अभ्यासविषय असून त्यासाठी १९८६ मध्ये एलेन हॉरविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ विधानांची मोजपट्टीही तयार केली होती; चारचौघांत चुकण्याची भीती सर्वच विद्यार्थ्यांना असते, आणि आधीच चिंतेचा भार वाहणाऱ्या व्यक्तीला ती पूर्ण मूक करू शकते.

संवादाविना भाषा शिकता येते का?

हा प्रश्न स्वमग्नतेच्या अभ्यासाने भाषाविज्ञानाला विचारला आहे. लहान मूल भाषा शिकते ते माणसांच्या सहवासातून, असा दृढ समज आहे आणि त्याला भक्कम पुरावाही आहे. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी व्यक्ती प्रत्यक्ष बोलत-खेळत राहिली तर ती बाळे चिनी ध्वनिभेद ओळखू लागतात, पण तोच मजकूर पडद्यावर दाखवला तर त्यांना काहीही साध्य होत नाही.

ब्रसेल्समधील भाषाशास्त्रज्ञ मिखाईल किसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच्या उलट जाणारी उदाहरणे नोंदवली. ट्युनिशियात घरोघरी स्थानिक अरबी बोली बोलली जाते, तर प्रमाण अरबी प्रामुख्याने पुस्तकांत आणि दूरचित्रवाणीवरील मुलांच्या कार्यक्रमांत आढळते. तेथील काही स्वमग्न मुले घरच्या बोलीऐवजी प्रमाण अरबीत बोलत होती, आणि ती भाषा त्यांनी पडद्यावरूनच उचललेली होती. किसीन यांनी २०२१ मध्ये या पुराव्याचा सैद्धान्तिक अर्थ मांडला : समोरच्याचा हेतू ओळखण्याची सामाजिक क्षमता ही भाषा शिकण्याची एक महत्त्वाची वाट असली तरी एकमेव वाट नाही.

प्रौढांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. मालिका उपशीर्षकांसह पुन्हा पुन्हा पाहणे, एकच संवाद पाठ होईपर्यंत ऐकणे, शब्दांच्या याद्या संगणकावर उजळत राहणे अशा एकांतातल्या पद्धतींना भाषाशिक्षक बऱ्याचदा दुय्यम मानतात आणि ‘बोलल्याशिवाय भाषा येत नाही’ असे बजावतात. स्वमग्न शिकणाऱ्यांचा अनुभव सांगतो की काहींच्या बाबतीत क्रमच उलटा असतो. भाषेचा भक्कम साठा आधी एकांतात तयार होतो आणि संवाद त्याच्या आधाराने नंतर उभा राहतो.

सामाजिक संकेत आणि परकेपणाचा आधार

शब्द आणि व्याकरण यांपलीकडे भाषेचे आणखी एक अंग असते, ज्याला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. प्रसंग, नाते आणि हेतू पाहून भाषा वापरणे आणि शब्दांत न आलेला अर्थ ओळखणे हा त्याचा विषय. स्वमग्न व्यक्तींना याच अंगात सर्वाधिक अडचण येते असे मानले जाते. त्यामुळे जर्मनमध्ये कोणाला ‘दू’ म्हणावे आणि कोणाला ‘झी’, किंवा जपानीतील आदरार्थी, विनम्र आणि शिष्ट अशा त्रिविध आदरभाषेतील कोणती केव्हा वापरावी, हे त्यांना कधीच साधणार नाही असा तर्क केला जातो.

प्रत्यक्षात येथे एक वेगळी शक्यता उघडते. मातृभाषेचे सामाजिक संकेत कोणी उलगडून शिकवत नाही. ते सर्वांना आपोआप कळतात असे गृहीत धरलेले असते, आणि ज्याला कळत नाहीत तो उद्धट किंवा विक्षिप्त ठरतो. परकीय भाषेच्या पाठ्यपुस्तकात मात्र हेच संकेत नियम म्हणून छापलेले असतात. दुकानात शिरताना काय म्हणावे, निमंत्रण नम्रपणे कसे नाकारावे, वरिष्ठाच्या पत्राची सुरुवात कोणत्या शब्दांनी करावी, हे सारे तेथे नमुन्यांसह सांगितलेले असते. ज्या मनाला अव्यक्त संकेतांपेक्षा व्यक्त नियम जवळचे वाटतात त्याला ही मांडणी दिलासा देणारी आहे.

याला जोडून परकेपणाचा आधार मिळतो. परक्या देशात किंवा परक्या भाषेत बोलणाऱ्या माणसाचा संथपणा, थेट बोलणे, चुकलेला सूर किंवा स्पष्टीकरण मागण्याची सवय या गोष्टी ‘भाषा नवीन आहे’ म्हणून समजून घेतल्या जातात. स्वमग्न व्यक्ती मातृभाषेत ज्या वेगळेपणासाठी दोषी ठरते त्याच वेगळेपणाला परभाषेत क्षमा मिळते. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेला ‘दुहेरी सहानुभावाचा प्रश्न’ येथे उपयोगी पडतो. त्यांच्या मते स्वमग्न आणि इतर यांच्यातील गैरसमज एका बाजूच्या उणिवेतून उद्भवत नाहीत. दोन्ही बाजूंना परस्परांचे अनुभवविश्व समजण्यात अडचण येते. एडिंबरा येथील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याला प्रायोगिक बळ दिले. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवण्याच्या साखळीत सर्व जण स्वमग्न असले तर ती इतरांइतकीच नीट पोहोचली, गळती वाढली ती मिश्र साखळीत. परकीय भाषेत संवाद साधणारे दोघेही असे गैरसमज होणार हे आधीच गृहीत धरून अधिक स्पष्ट बोलतात, आणि ही परस्परांची तयारीच स्वमग्न व्यक्तीला मातृभाषेत सहसा लाभत नाही. अर्थात भाषा जसजशी सफाईदार होते तसतशी ही सवलत ओसरते, आणि उच्चार चांगले असणाऱ्याकडून सामाजिक सफाईचीही अपेक्षा होऊ लागते.

वर्गपद्धती आणि परीक्षा

आजच्या भाषावर्गाची घडण समजून घेतल्याशिवाय अडचणीचे मूळ सापडत नाही. व्याकरण आणि भाषांतर यांवर उभी असलेली जुनी पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली. डेल हाइम्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली ‘संवादक्षमता’ आणि १९८० मध्ये कनाल व स्वेन यांनी केलेली तिची व्याकरणिक, समाजभाषिक आणि युक्तिविषयक अंगांत विभागणी यांतून संवादकेंद्री अध्यापन रूढ झाले. त्याने भाषाशिक्षण जिवंत केले यात शंका नाही. परंतु जोडीने संवाद, भूमिकानाट्य, वर्गभर फिरून प्रश्न विचारणे आणि पूर्वतयारीशिवाय मत मांडणे हे त्याचे नित्याचे उपक्रम बनले. या उपक्रमांत भाषेच्या बरोबरीने सामाजिक तत्परतेचीही परीक्षा होते, आणि दोन्हींची बेरीज ‘भाषेची प्रगती’ म्हणून नोंदवली जाते.

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषांच्या सामाईक संदर्भचौकटीने ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या ठरवल्या. २०२० च्या पूरक खंडात ‘मातृभाषकासारखे’ बोलण्याचा निकष वर्णनांतून काढून टाकण्यात आला, आणि एकाच व्यक्तीची वेगवेगळ्या कौशल्यांतील पातळी वेगवेगळी असू शकते या विचारावर भर देण्यात आला. वाचनात बी२ आणि संभाषणात ए२ असणारी व्यक्ती या चौकटीत पूर्णपणे स्वाभाविक आहे. स्वमग्न प्रौढांच्या असमान प्रगतीला एवढी साजेशी चौकट उपलब्ध असताना वर्गांची रचना मात्र चारही कौशल्ये एकाच गतीने पुढे नेण्याची असते.

परीक्षांच्या रचनेमुळे किती फरक पडतो हे तुलना केल्यावर दिसते. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते; तोंडी परीक्षा नसते. गोएथे संस्थेच्या जर्मन ए१ परीक्षेचा तोंडी भाग गटात होतो, आणि बी१ ला दोन परीक्षार्थी मिळून एखाद्या कार्यक्रमाची आखणी करतात. परंतु बी१ चे चारही विभाग स्वतंत्रपणे देता येतात. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटे समोरासमोर बोलावे लागते, तर टोफेलच्या संगणकीय परीक्षेत उत्तरे मायक्रोफोनमध्ये नोंदवली जातात. भाषेचे ज्ञान तेवढेच असताना परीक्षेच्या स्वरूपामुळे निकाल बदलू शकतो, हे ध्यानात घेऊन शिकणाऱ्याला योग्य परीक्षा निवडण्यास मदत करणे हा मार्गदर्शनाचा भाग व्हायला हवा.

वर्गातील बदल फारसे खर्चिक नाहीत. तासाची रूपरेषा आधी लिहून देणे, जोडीदार ठरलेला ठेवणे, भूमिकानाट्याचा मजकूर आदल्या दिवशी देणे, ऐकण्याच्या मजकुराची लिखित प्रत उपलब्ध करणे, उत्तरापूर्वी थांबण्यास वेळ देणे, नजरेला नजर भिडवण्याचा आग्रह न धरणे, आणि काल्पनिक सहलीऐवजी विद्यार्थ्याच्या आवडीच्या विषयावर बोलू देणे, मग तो विषय रेल्वेचे वेळापत्रक असो वा बुरशीचे प्रकार, या गोष्टींनी वर्गातील इतरांचाही फायदाच होतो.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे शिकणारी व्यक्ती मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणात आधीच वाढलेली असते. त्यामुळे पाश्चात्त्य संशोधनातील ‘एकभाषिक की द्विभाषिक’ ही विभागणी तिला लागू पडत नाही. मुलाला स्वमग्नतेचे निदान झाले की घरात एकच भाषा, बहुधा इंग्रजी, बोलण्याचा सल्ला मिळण्याचा अनुभव येथील आणि परदेशातील अनेक मराठी कुटुंबांना आलेला आहे. संशोधनाचा त्याला आधार नाही, आणि त्याची किंमत पुढे प्रौढपणी मोजावी लागते. आजी-आजोबांची भाषा ज्याला मिळाली नाही असा तरुण स्वतःच्या घरातील मराठीच परकीय भाषेप्रमाणे शिकायला बसतो. परदेशस्थ कुटुंबांत हे अधिक तीव्रतेने जाणवते.

कायद्याच्या पातळीवर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्वमग्नतेचा समावेश २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. त्याच्या १७ व्या कलमात अभ्यासक्रम आणि परीक्षांत करावयाच्या बदलांची उदाहरणे म्हणून जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. ज्यांना भाषेचा भार खरोखर सोसवत नाही त्यांच्यासाठी ही सूट मोलाची आहे आणि ती टिकलीच पाहिजे. धोका आहे तो हक्काची सूट ही अपेक्षेची मर्यादा बनण्याचा. स्वमग्न विद्यार्थी म्हणजे भाषा सोडणारा विद्यार्थी असे समीकरण शाळेत एकदा रूढ झाले की ज्याला लिपींचे वेड आहे त्यालाही भाषा शिकण्याचा मार्ग खुला आहे हे कोणी सांगत नाही.

पुण्यासारख्या शहरात मॅक्सम्युलर भवन, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे रानडे इन्स्टिट्यूटमधील वर्ग आणि जपानीच्या अनेक संस्था यांमुळे प्रौढांच्या भाषाशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे, आणि तांत्रिक भाषांतराच्या कामाला तेथे मागणीही आहे. अचूकता, सातत्य आणि संज्ञांची काटेकोर निवड ज्यात लागते असे लेखी भाषांतर काही स्वमग्न प्रौढांना सन्मानाचे उपजीविकेचे साधन देऊ शकते. त्यासाठी भाषासंस्था आणि स्वमग्न व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्था यांच्यात सेतू बांधला जायला हवा.

संशोधनातील उणिवा आणि पुढील दिशा

आजवरच्या अभ्यासांचे नमुने लहान आहेत. त्यांत युरोप आणि उत्तर अमेरिकेतील, सुशिक्षित, अस्खलित लिहिणारे आणि भाषांची आवड असणारे लोक अधिक आहेत. अल्पभाषी किंवा न बोलणाऱ्या प्रौढांविषयी जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही, जणू बोलता न येणाऱ्याला वाचण्याची वा समजून घेण्याची दुसरी भाषा असूच शकत नाही. चित्रे किंवा टंकलेखन यांद्वारे संवाद साधणाऱ्यांना परकीय भाषा शिकवून पाहण्याचे प्रयत्न पद्धतशीरपणे व्हायला हवेत. एकाच व्यक्तीचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारे अभ्यास हवेत, आणि अनेक भाषांच्या वातावरणात वाढलेल्या भारतीय प्रौढांचे अभ्यास तर तातडीने हवेत, कारण बहुभाषिकता हीच जेथे सर्वसामान्य स्थिती आहे तेथील निष्कर्ष जगाला नवे काही सांगू शकतील. या सर्व कामात स्वमग्न संशोधक आणि शिक्षक यांचा सहभाग असणे आवश्यक आहे; प्रश्न कोणते विचारायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे.

उपलब्ध पुराव्यावरून एवढे निश्चित म्हणता येते की स्वमग्नता भाषा शिकण्याच्या आड येत नाही. ती शिकण्याची वाट, क्रम आणि गती बदलते. कोणाची भाषा ग्रंथालयात फुलेल, कोणाची मालिकांच्या संवादांत, कोणाची एखाद्या जिवलग मित्राशी चाललेल्या पत्रव्यवहारात. वाचून समजणारी पण बोलून न दाखवणारी व्यक्तीही ती भाषा जाणते, हे भाषासंस्थांनी, परीक्षकांनी आणि कुटुंबीयांनी मनापासून मान्य केले, तर आज अपयशी म्हणून वर्ग सोडून जाणाऱ्या अनेक प्रौढांचे शिकणे शिकणे म्हणून मोजले जाईल, आणि त्यांना पुढच्या पातळीवर प्रवेश मिळेल.